‘जपानी’ रंगांची पाककृती

विज्ञान शिक्षकांच्या एका कार्यशाळेत जेवणाच्या सुट्टीत एका बाईंनी आम्हांला आपल्या फोनवरचा एक फोटो दाखवला. शाळेच्या आवारातला जूनमधला गुलमोहर होता. पण फुले लाल नव्हती, विटलेली गुलाबी होती. पाने निळसर हिरवी, सावल्या राखी आणि आकाश दुधाळ. "आठवीतल्या मुलीनं करून दिला. याला जपानी लूक म्हणतात. एक बटण दाबलं की होतं," बाई कौतुकाने म्हणाल्या. शेजारी बसलेल्या इतिहासाच्या सरांनी फोटो निरखून पाहिला आणि विचारले, "पण यात जपानी काय आहे?"

प्रश्न साधा होता. पण आम्हांला त्याचे उत्तर देता आले नाही. नंतर ते शोधत गेलो तेव्हा वाट थेट एकोणिसाव्या शतकातल्या योकोहामा बंदरात गेली, आणि वाटेत बर्लिन व लखनौही लागले. तीच हकीकत येथे सांगायची आहे.

बटणामागचे गणित

आधी त्या बटणाची ओळख करून घेऊ. फोनमधला फोटो म्हणजे लाखो बारीक चौकोनांची जाळी असते. प्रत्येक चौकोनासाठी लाल, हिरवा व निळा या तीन रंगांच्या तीव्रतेचे आकडे नोंदलेले असतात. सामान्यतः हे आकडे ० ते २५५ या दरम्यान असतात. तिन्ही शून्य म्हणजे काळा, तिन्ही २५५ म्हणजे पांढरा. फोटो ‘सुधारणे’ म्हणजे या आकड्यांवर काही नियम चालवणे. असे पाचपन्नास नियम कोणीतरी एकदा ठरवून एका नावाखाली साठवून ठेवले की त्याला ‘प्रीसेट’ म्हणतात. वाण्याकडच्या तयार मसाल्याच्या पुडीसारखाच हा प्रकार. पुडी फोडली की काम झाले, पण धने किती आणि मिरे किती हे दुसऱ्या कोणीतरी आधीच ठरवलेले असते.

‘जपानी’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांत काही जिन्नस बहुधा सारखेच असतात. फोटो थोडा उजळ करायचा, काळा रंग पूर्ण काळा राहू द्यायचा नाही, हिरव्याला निळ्याकडे ढकलायचे, लाल-पिवळ्याचा भडकपणा उतरवायचा. यातला काळ्याचा नियम वर्गातही करून पाहता येईल. समजा, नवा आकडा = ३० + (जुना आकडा × २२५ ÷ २५५) असा नियम घेतला. मग ० चे ३० होतात, ५१ चे ७५, १०२ चे १२० आणि २५५ चे २५५ च राहतात. आलेखावर ही एक सरळ रेघ आहे. तिचा पाय तेवढा वर उचललेला आहे. एवढ्यानेच फोटोवर धुके उतरल्यासारखे वाटते.

मात्र एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आधी २५६ छटा होत्या. आता ३० ते २५५ या दरम्यान २२६ च जागा उरल्या. म्हणजे काही शेजारच्या छटा एकाच आकड्यात कोंबल्या गेल्या. एकदा हा फोटो साठवला आणि मूळ प्रत टाकून दिली, की त्या छटा पुन्हा वेगळ्या करता येत नाहीत.

गणित एवढेच. पण हेच प्रमाण ‘जपानी’ का, हे गणित सांगत नाही. त्यासाठी इतिहासाकडे जावे लागते.

निळा रंग बर्लिनचा

जपानी चित्र म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे होकुसाईची ती प्रचंड लाट आणि मागचा इवलासा फुजी पर्वत येतो. ‘फुजी पर्वताची छत्तीस दृश्ये’ ही त्याची चित्रमाला १८३० च्या सुमारास निघू लागली. (नाव छत्तीस, पण लोकांना ती इतकी आवडली की पुढे आणखी दहा चित्रे काढावी लागली.) ही चित्रे लाकडी ठशांनी कागदावर छापलेली असत. चित्रकार रेखाटन करी, कोरक्या ठसे कोरी, छपाईवाला रंग लावून कागद दाबी आणि प्रकाशक भांडवल व गिऱ्हाईक सांभाळी.

या चित्रांतला निळा रंग पाहण्यासारखा आहे. त्याआधी जपानी छपाईवाल्यांकडे मुख्यतः दोन निळे रंग होते. एक निळीचा आणि दुसरा एका रानफुलाचा. हे रानफूल म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात बांधावर उगवणाऱ्या केन्याची जातभाई. त्याच्या पाकळ्यांचा निळा रंग सुंदर खरा, पण पाण्याने आणि उजेडाने उडून जाणारा.

मग आला ‘प्रशियन ब्लू’. अठराव्या शतकाच्या अगदी आरंभी बर्लिनमध्ये लाल रंग बनवण्याच्या खटाटोपात अपघाताने तयार झालेले हे लोह आणि सायनाइड यांचे संयुग. डच आणि चिनी व्यापाऱ्यांमार्फत ते नागासाकीला पोहोचले. १८२० च्या दशकाच्या अखेरीस ते स्वस्त झाले आणि छपाईवाल्यांनी ते उचलले. जपानीत त्याचे नाव ‘बेरो’, म्हणजे बर्लिनच! चिमूटभर पुरे, उजेडात टिकाऊ, आणि गडदपासून फिक्यापर्यंत सलग उतरत जाणारा. ठशावर ओल्या फडक्याने रंग पुसून आकाशाच्या वरच्या कडेला गडद निळी पट्टी आणि खाली विरत जाणारी छटा आणण्याच्या तंत्राला जपानीत ‘बोकाशी’ म्हणतात. या नव्या रंगाने बोकाशीला बहर आला.

म्हणजे ज्या निळ्याला जग ‘जपानी’ म्हणते, तो रंग जर्मन रसायनाचा आणि हात जपानी छपाईवाल्याचा. यात कमीपणा कसलाच नाही. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली, म्हणून कोल्हापुरी रस्सा कोल्हापूरचा राहत नाही असे कोण म्हणेल?

याच रंगाचे छायाचित्रणाशीही नाते आहे. १८४२ मध्ये जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने लोहाचे क्षार लावलेल्या कागदावर सूर्यप्रकाशाने चित्र उमटवण्याची रीत शोधली. उजेड पडेल तेथे प्रशियन ब्लू तयार होतो. पुढे इमारतींचे नकाशे याच रीतीने छापू लागले. ‘ब्लू प्रिंट’ हा शब्द तिथूनच आला.

सत्याची नक्कल

छायाचित्राला जपानीत ‘शाशिन’ म्हणतात. शब्दाची फोड केली तर अर्थ होतो ‘सत्याची नक्कल’. हा शब्द चित्रकलेत आधीपासून होता; कॅमेरा आल्यावर तो त्याला चिकटला. आपला ‘छायाचित्र’ हा शब्द मानाने अधिक सावध म्हणायला हवा. तो फक्त छायेचा दावा करतो, सत्याचा नाही.

जपानमधला पहिला कॅमेरा १८४८ मध्ये नागासाकी बंदरात उतरला. जपानी माणसाने काढलेले आणि आज शिल्लक असलेले सर्वांत जुने छायाचित्र १८५७ सालचे आहे. सात्सुमा प्रांताचा सरदार शिमाझु नारिआकिरा याचे हे चित्र त्याच्याच पदरी असलेल्या अभ्यासकांनी काढले. १८६२ मध्ये उएनो हिकोमा याने नागासाकीत आणि शिमोओका रेन्जो याने योकोहामात स्टुडिओ उघडले (नावे जपानी रीतीने, आडनाव आधी). उएनोने एका डच डॉक्टरच्या हाताखाली रसायनशास्त्राचे धडे घेतले होते, आणि त्याच वर्षी त्याने जपानीत रसायनशास्त्राचे पुस्तकही सिद्ध केले. त्या काळी फोटो काढायचा तर आधी रसायनशास्त्र शिकावे लागे. बटण पुष्कळ पुढचे.

१८५९ मध्ये योकोहामा परदेशी व्यापाराला खुले झाले आणि १८६३ मध्ये तेथे फेलिचे बेआतो हा छायाचित्रकार येऊन पोहोचला. हे नाव आपल्या इतिहासात आधीच येऊन गेलेले आहे. १८५७ च्या उठावानंतर १८५८ मध्ये तो लखनौला होता. सिकंदरबागेचे उद्ध्वस्त प्रांगण आणि समोर विखुरलेली माणसांची हाडे हे त्याचे प्रसिद्ध छायाचित्र. पण लढाई होऊन गेली होती कित्येक महिने आधी, १८५७ च्या नोव्हेंबरात. चित्र प्रभावी व्हावे म्हणून हाडे मुद्दाम मांडली गेली, असे इतिहासकार मानतात. तोच हा माणूस. ‘सत्याची नक्कल’ करताना सत्याला थोडे हलवून बसवायला तो कचरत नसे.

बेआतोने योकोहामात एक नवा माल तयार केला. जपानची दृश्ये आणि माणसे यांचे काळे-करडे फोटो छापायचे आणि त्यांवर जपानी चित्रकारांकडून पातळ जलरंग चढवून घ्यायचे. फोटोवर रंग चढवण्याची रीत युरोपात होती, आपल्याकडेही होती. पण आपले रंगारी बहुधा दाट रंगाने फोटो जवळजवळ झाकून टाकत. जपानी रंगाऱ्यांनी मात्र ठशाच्या छपाईचा अनुभव वापरून पारदर्शक छटा दिल्या. खालचा तपशील दिसत राहिला आणि वर रंगाचा हलका पदर आला. ‘जपानी लूक’ म्हणून बाजारात आलेला पहिला फोटो हाच.

रसायनाने कोरे ठेवलेले आकाश

हा पदर नेमका तसाच का दिसतो, यामागे विज्ञान आहे. त्या काळचे फोटो ‘ओल्या काचे’वर घेत. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेली ही रीत. काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रावण पसरायचे, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, आणि सुकण्याआधी, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, फोटो घेऊन धुवायचीही. कागदी प्रत काढण्यासाठी अंड्याचा पांढरा बलक लावलेला कागद वापरत.

या ओल्या काचेला निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाश तेवढा ‘दिसे’. हिरवा अंधुक आणि लाल जवळजवळ नाहीच. त्यामुळे निळे आकाश पार पांढरे फटक येई, आणि लाल वस्तू काळी पडे. बाईंचा गुलमोहर ओल्या काचेवर काळ्या फुलांचा झाला असता! १८७३ मध्ये बर्लिनच्या हेर्मान फोगेलने काचेत रंगद्रव्ये मिसळून तिला हिरवा-पिवळा प्रकाश दाखवण्याची युक्ती शोधली. पण तिचा वापर रुळायला बराच काळ गेला.

तेव्हा रंगाऱ्याच्या हाती जो कागद येई त्यावर आकाश कोरे असे. या कोऱ्या जागेत तो काय भरणार? जे त्याच्या हाताला ठाऊक होते तेच. वरच्या कडेला निळी पट्टी, क्षितिजाशी गुलाबी झाक. म्हणजे बोकाशी! कॅमेऱ्याच्या रसायनाने जी उणीव ठेवली तिच्यात छापचित्रांची परंपरा जाऊन बसली. ते आकाश त्या दिवशीच्या योकोहामाचे नव्हते. होकुसाईच्या वंशातले होते.

काचेला उजेड पाजायला काही सेकंद लागत. तेवढ्या वेळात पावसाच्या सरीचा फोटो येणे शक्यच नव्हते. म्हणून वादळात छत्री धरून झुकलेल्या मुलीचा फोटो स्टुडिओतच घेत. किमोनोचे टोक तारेने ताणून वारा निर्माण करत, आणि निगेटिव्हवर तिरके ओरखडे काढून पाऊस पाडत.

गिऱ्हाइकाला हवा तो जपान

बेआतोने १८७७ मध्ये आपला व्यवसाय विकला. त्याच्याकडे रंगारी आणि मदतनीस म्हणून काम केलेल्या कुसाकाबे किंबेई याने पुढे १८८१ मध्ये योकोहामात स्वतःचा स्टुडिओ काढला आणि मोठे नाव मिळवले. मूळच्या इटलीच्या अडॉल्फो फर्सारीच्या स्टुडिओत नव्या रंगाऱ्याला काही महिने शिकवून मगच पगारावर घेत, आणि दिवसाकाठी दोनतीनच पण नीट रंगवलेल्या प्रतींची अपेक्षा ठेवत. रोगणकाम केलेल्या देखण्या पुठ्ठ्यांत बांधलेले हे आल्बम बोटीने आलेले युरोपी आणि अमेरिकी प्रवासी घेऊन जात. १८९६ मध्ये बॉस्टनच्या एका प्रकाशकाने जपानवरील ग्रंथमालेसाठी तामामुरा कोझाबुरो याच्याकडे हाताने रंगवलेल्या तब्बल दहा लाख प्रतींची मागणी नोंदवली. शेकडो रंगारी कामाला लागले. हातांनीच चालणारा, पण कारखानाच होता तो.

या आल्बमांत काय असे? चिलखत घातलेला सामुराई, पंखा घेतलेली गेशा, चेरीचा बहर, देवळाचे तोरण, रिक्षा. आता तारखा शेजारी ठेवून पाहा. टोकियोच्या शिंबाशीहून योकोहामापर्यंत आगगाडी १८७२ मध्ये सुरू झाली. तलवार बाळगण्यावर १८७६ मध्ये बंदी आली. म्हणजे किंबेईने दुकान उघडले तेव्हा तलवारधारी सामुराई रस्त्यावरून नाहीसा होऊन पाच वर्षे झाली होती. स्टुडिओत उभा केलेला योद्धा हा चिलखत चढवलेला मॉडेल होता. आगगाडीतून येणाऱ्या प्रवाशाला आगगाडीपूर्वीचा जपान हवा होता, आणि दुकानदार तो विकत होता. त्याच काळात जपानी सरकार बंदरे, कारखाने आणि शाळा उभारण्याच्या घाईत होते. तो जपान या आल्बमांत क्वचित दिसतो.

रंगांचेही तसेच. आज संग्रहालयांतून एकाच निगेटिव्हच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या की एकीत किमोनो हिरवा आणि दुसरीत जांभळा आढळतो. त्या बाईच्या अंगावर त्या दिवशी कोणता रंग होता? चित्रावरून सांगता येणार नाही. किमोनोचा काठ, केसांची ठेवण, हातातली वस्तू हा पुरावा कॅमेऱ्याचा. रंग हा पुरावा रंगाऱ्याच्या वाटीतल्या रंगांचा आणि गिऱ्हाइकाच्या आवडीचा. दोन्ही पुरावे मोलाचे आहेत, फक्त ते वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत.

१९०० मध्ये जपानमध्ये खाजगी चित्रमय पोस्टकार्डांना परवानगी मिळाली. स्वस्त कार्डे आली, प्रवाशांच्या हातात स्वतःचे छोटे कॅमेरे आले आणि योकोहामाचे आल्बम मागे पडले.

फिका रंग कोठून आला?

मग गुलमोहराच्या फोटोतला तो दुधाळ फिकेपणा? तो योकोहामाचा नाही. तो विसाव्या शतकाच्या अखेरच्या जपानचा. तोवर रंगीत फिल्म आणि कोपऱ्यावरच्या छपाईची दुकाने घराघराच्या ओळखीची झाली होती. रंगीत निगेटिव्हला गरजेपेक्षा जास्त उजेड दिला तरी ती बिघडत नाही. उलट सावल्या उजळतात आणि प्रत कोवळी, फिकी निघते. रोजच्या जगण्यातले लहान क्षण अशा मऊ उजेडात टिपणाऱ्यांत रिन्को कावाउची यांचे नाव अग्रभागी आहे. २००१ मध्ये त्यांची तीन पुस्तके एकदम आली आणि त्यांना जपानमधला मानाचा किमुरा इहेई पुरस्कार मिळाला. अशा कामाची बाहेरून दिसणारी लक्षणे, म्हणजे उजळपणा, निळसर हिरवा, उतरवलेला काळा, पुढे संगणकावर आकड्यांत उतरवली गेली आणि पुडीवर ‘जपानी’ अशी चिठ्ठी लागली.

तेव्हा इतिहासाच्या सरांना उत्तर असे देता येईल. ‘जपानी लूक’ एकच नाही. १८३० चा वेगळा, १८८० चा वेगळा, २००० चा वेगळा. प्रत्येक वेळी हाताशी असलेले रसायन, कारागिराचा सराव आणि घेणाऱ्याची अपेक्षा यांतून तो घडला. जपानच्या हवेत किंवा मातीत तो आयता नव्हता.

वर्गात काय करता येईल?

हा विषय आज शिक्षकांच्या दारात येऊन उभा आहे. जुने कृष्णधवल फोटो संगणकाने रंगीत करणे आता सोपे झाले आहे, आणि असे फोटो इतिहासाच्या तासाला सर्रास दाखवले जातात. संगणक हे रंग पाहून सांगत नाही. हजारो दुसऱ्या फोटोंत अशा जागी बहुधा कोणता रंग असतो, त्यावरून तो अंदाज भरतो. योकोहामाचा रंगारी कोऱ्या आकाशात भरत असे, तसाच.

याचा प्रामाणिक वापर कसा करावा, याचा एक नमुनाही जपानमध्येच आहे. हिरोशिमातली आंजू निवाता ही शाळकरी मुलगी २०१७ च्या सुमारास अणुबाँबपूर्वीच्या शहराचे कौटुंबिक फोटो संगणकाने रंगवू लागली. पण तेथे ती थांबली नाही. रंगवलेला फोटो घेऊन ती त्या कुटुंबांतल्या वृद्धांकडे जाई. ते फोटो पाहून त्यांच्या आठवणी जाग्या होत. हे असे नव्हते, तसे होते, असे ते सांगत. आणि ती रंग बदलत असे. प्राध्यापक हिदेनोरी वातानावे यांच्याबरोबर तिने २०२० मध्ये अशा फोटोंचे पुस्तक प्रसिद्ध केले. येथे रंग हा निकाल नाही. संभाषणाची सुरुवात आहे.

आपल्या वर्गातही एक प्रयोग करता येईल. गावातला किंवा घरातला एखादा जुना कृष्णधवल फोटो घ्या, त्याच्या तीन झेरॉक्स प्रती काढा आणि मुलांच्या तीन गटांना एकमेकांचे न पाहता रंगवायला द्या. मग तिन्ही प्रती फळ्याशेजारी लावा. तिन्हींत जे सारखे राहिले ते कॅमेऱ्याने दिलेले. जे बदलले ते मुलांनी दिलेले. त्यानंतर फोटोतल्या कोणाला ओळखणाऱ्या आजीआजोबांना बोलवा आणि साडी कोणत्या रंगाची होती ते विचारा. निरीक्षण आणि अनुमान यांतला फरक शिकवायला याहून सोपे साधन आम्हांला तरी ठाऊक नाही.

कार्यशाळेच्या समारोपाला त्या बाई पुन्हा भेटल्या, तेव्हा आम्ही विचारले, "गुलमोहराचा मूळ फोटो ठेवलाय ना?" त्यांनी फोनमध्ये शोध शोध शोधला. मुलीने जागा वाचवण्यासाठी तो पुसून टाकला होता. बाई हसून म्हणाल्या, "असू दे, पुढच्या जूनला झाड पुन्हा फुलेल."

गुलमोहराच्या बाबतीत ते खरे आहे. जी माणसे, रस्ते आणि गावे पुन्हा फुलणार नाहीत, त्यांचे मूळ फोटो मात्र आधी नीट जपून ठेवावेत, आणि मगच हवी ती पुडी फोडावी.